जुनी डिझेल मोटार घेताना : थंड इंजिन, पुराचे पाणी आणि कागदपत्रे

बोळिंज, प्रतिनिधी : विरार पश्चिमेला आगाशी-अर्नाळ्याच्या वाटेवरील बोळिंज हे मूळचे वाड्यांचे गाव. म्हाडाच्या कोकण मंडळाची वसाहत आणि खासगी गृहसंकुले उभी राहिल्यानंतर त्याचे रूप पालटले. येथे राहायला आलेल्या नोकरदार कुटुंबाची बहुतेक पुंजी घराच्या हप्त्यांत गुंतलेली असते. रोजचा प्रवास लोकलने होतो. मोटार हवी असते ती सुट्टीच्या दिवसासाठी, वृद्ध आई-वडिलांना दवाखान्यात नेण्यासाठी आणि गणपतीला गावी जाण्यासाठी. अशा कुटुंबाला दहा-बारा वर्षे वापरलेली, नव्या गाडीच्या तुलनेत निम्म्याहूनही कमी किमतीत मिळणारी डिझेल मोटार आकर्षक वाटली तर नवल नाही. मात्र डिझेल इंजिनातील एखाद-दुसरा भाग निकामी झाला, तरी स्वस्तात मिळालेल्या गाडीचा सारा फायदा गॅरेजच्या एका बिलात संपतो. त्यामुळे विसार देण्यापूर्वीची तपासणी पेट्रोल मोटारीपेक्षा अधिक काळजीने करणे आवश्यक ठरते.

इतक्या डिझेल मोटारी आल्या कोठून?

पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले. डिझेलचे दर मात्र ऑक्टोबर २०१४ पर्यंत नियंत्रित राहिले. या काळात दोन्ही इंधनांच्या दरांत मोठी तफावत होती आणि ग्राहकांचा ओढा साहजिकच डिझेलकडे वळला. फियाटचे १.३ लिटर क्षमतेचे मल्टिजेट इंजिन या काळात घरोघरी पोहोचले. मारुतीच्या स्विफ्ट व डिझायर, टाटांची इंडिका व्हिस्टा आणि फियाटची पुन्टो या गाड्यांत हेच इंजिन वेगवेगळ्या नावांनी होते. पुण्याजवळील रांजणगावच्या कारखान्यातही त्याचे उत्पादन होत असे. टोयोटाची इनोव्हा, महिंद्राची बोलेरो व स्कॉर्पिओ, फोक्सवॅगनची पोलो, रेनोची डस्टर यांचीही याच काळात मोठी विक्री झाली.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ हे उत्सर्जन मानक लागू झाले. त्या वेळी मारुतीने डिझेल मोटारींचे उत्पादन थांबवले आणि अन्य कंपन्यांनीही लहान डिझेल मोटारी हळूहळू बंद केल्या. जुन्या बाजारात आज दिसणाऱ्या लहान डिझेल मोटारींपैकी बहुसंख्य २०२० पूर्वीच्या, म्हणजे बीएस-३ किंवा बीएस-४ मानकाच्या आहेत.

आधी हिशेब मांडावा

गाडी पाहायला जाण्यापूर्वी आपल्याला डिझेल मोटार खरोखर हवी आहे का, हे कागदावर मांडून पाहावे. समजा, एखादे कुटुंब वर्षाला ५ हजार किलोमीटर गाडी चालवते. पेट्रोल मोटार लिटरमागे १५ किलोमीटर आणि डिझेल मोटार २० किलोमीटर धावते, तसेच पेट्रोल १०४ रुपये व डिझेल ९० रुपये लिटर आहे, असे धरले, तर पेट्रोलचा वर्षाचा खर्च सुमारे ३४ हजार ७०० रुपये आणि डिझेलचा २२ हजार ५०० रुपये होतो. बचत होते सुमारे १२ हजार रुपयांची. आधुनिक डिझेल इंजिनाचा एक नवा इंजेक्टर अनेक मॉडेलांत १० हजार रुपयांच्या पुढे जातो आणि चार सिलिंडरच्या इंजिनात असे चार इंजेक्टर असतात. चारही बदलावे लागले, तर तीन वर्षांहून अधिक काळाची बचत एका दिवसात खर्ची पडते. वर्षाला १५-२० हजार किलोमीटर प्रवास करणाऱ्याचा हिशेब वेगळा; त्याला डिझेल अजूनही परवडू शकते. केवळ शनिवार-रविवारी गाडी काढणाऱ्याने मात्र पेट्रोल वा सीएनजीचा पर्याय आधी विचारात घ्यावा.

गॅरेजच्या आधी कागद

कागदपत्रांची तपासणी जवळपास फुकट होते, म्हणून ती सर्वप्रथम उरकावी. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर परिवहन कार्यालयात गाडीची तपासणी करून घेऊन, शुल्क आणि पर्यावरण कर भरून ती ५ वर्षांसाठी वाढवून मिळते. २०११ साली नोंदलेली मोटार २०२६ मध्ये या टप्प्यावर येते. अशी गाडी घेताना नूतनीकरण विक्रेत्याने करून द्यायचे की खरेदीदाराने, हे आधी ठरवावे आणि तो खर्च किमतीत धरावा.

नोंदणी प्रमाणपत्रावरील चॅसी क्रमांक व इंजिन क्रमांक गाडीवर कोरलेल्या क्रमांकांशी प्रत्यक्ष ताडून पाहावेत. खाडाखोड, घासल्याच्या खुणा किंवा नव्याने केलेले वेल्डिंग दिसल्यास व्यवहार तेथेच थांबवावा. केंद्र सरकारच्या परिवहन संकेतस्थळावर आणि एम-परिवहन या मोबाइल सेवेवर गाडीचा प्रकार, इंधन, नोंदणीची व विम्याची मुदत आणि वित्तसंस्थेचा बोजा पाहता येतो. बोजा असेल तर कर्ज फिटल्याचे वित्तसंस्थेचे पत्र आणि नमुना ३५ घेऊन ती नोंद कमी करून घेणे आवश्यक असते. वाहतूक पोलिसांच्या ई-चलनाची थकबाकीही तपासावी. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बसवली आहे का, तेही पाहावे.

वसई-विरारमध्ये गाडीच्या मालिकेकडे विशेष लक्ष द्यावे लागते. वसईच्या परिवहन कार्यालयाची मालिका एमएच-४८ आहे. ती सुरू होण्यापूर्वीच्या येथील गाड्या ठाण्याच्या एमएच-०४ मालिकेत नोंदलेल्या आढळतात. गुजरात व केंद्रशासित प्रदेशाची सीमा जवळ असल्याने वलसाडच्या जीजे-१५, सिल्वासाच्या डीएन-०९ आणि दमणच्या डीडी-०३ मालिकेतील मोटारीही विक्रीला येतात. परराज्यातील गाडी १२ महिन्यांपेक्षा अधिक काळ येथे ठेवायची असेल, तर मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र आणून, महाराष्ट्राचा कर भरून तिची नव्याने नोंदणी करावी लागते. स्वस्त वाटणारी गाडी या कराने महाग पडू शकते.

दिल्लीहून येणाऱ्या मोटारींबाबतही सावध असावे. राष्ट्रीय हरित लवादाचा २०१५ चा आदेश आणि सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निर्णय यांमुळे दिल्ली परिसरात १० वर्षांवरील डिझेल मोटारींवर बंदी आली आणि तेथील गाड्या इतर राज्यांत विकल्या गेल्या. २०२५ मध्ये न्यायालयाने या बंदीच्या अंमलबजावणीत काही सवलत दिली. महाराष्ट्रात केवळ वयावरून अशी सरसकट बंदी आलेली नाही. मात्र मुंबई महानगर प्रदेशातील पेट्रोल-डिझेल गाड्यांवर निर्बंध आणण्याच्या शक्यतेचा अभ्यास करण्यासाठी राज्य सरकारने जानेवारी २०२५ मध्ये समिती नेमली होती. वसई-विरार या प्रदेशातच येते. पुढे हीच गाडी विकताना काय भाव येईल, याचा विचार खरेदीच्या वेळीच केलेला बरा.

इंजिन थंड असतानाच जावे

डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. सिलिंडरमधील हवा जोराने दाबली जाऊन इतकी तापते की, तीत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. पिस्टन रिंग झिजल्या, व्हॉल्व्ह गळू लागले वा इंजेक्टर बिघडले, की त्याचा परिणाम सर्वप्रथम थंड इंजिन सुरू करताना जाणवतो. इंजिन तापल्यावर हे दोष झाकले जातात. म्हणूनच गाडी सकाळी पाहायला जावे आणि आपण येईपर्यंत ती सुरू करू नये, असे विक्रेत्याला आदल्या दिवशीच सांगावे. पोहोचताच बॉनेटवर हात ठेवून पाहावा. ते गरम लागल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे.

चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवर वेटोळ्या तारेसारखी ग्लो प्लगची खूण उजळते. ती विझल्यानंतर स्टार्टर द्यावा. सुस्थितीतील इंजिन एक-दोन सेकंदांत सुरू होते. बराच वेळ स्टार्टर मारावा लागणे, सुरू झाल्यावर इंजिन थरथरणे किंवा एखादा सिलिंडर काम करत नसल्यासारखा अडखळता आवाज येणे, ही दुरुस्तीची पूर्वसूचना होय. कधी कारण केवळ जुन्या बॅटरीचे वा ग्लो प्लगचे असते आणि तो खर्च किरकोळ असतो. पण तसे विक्रेत्याने सांगितले म्हणून मान्य करू नये, त्यानेच तो भाग बदलून गाडी पुन्हा दाखवावी. चावी फिरवताच इंजिन तपासणीचा दिवा लागतो का आणि इंजिन सुरू झाल्यावर विझतो का, हेही पाहावे. तो मुळीच लागत नसेल, तर दिवाच काढून टाकलेला असण्याची शक्यता असते.

धूर काय सांगतो

एकाने गाडीत बसून ॲक्सिलरेटर दाबावा आणि दुसऱ्याने मागे उभे राहून सायलेन्सरकडे पाहावे. जोरात ॲक्सिलरेटर दिल्यावर क्षणभर निघणारा थोडा काळा धूर जुन्या डिझेल गाडीत दिसतोच. दाट काळा धूर सतत येत असेल, तर एअर फिल्टर तुंबलेला, ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने भरलेला, टर्बोचा पाइप फुटलेला किंवा इंजेक्टर अधिक डिझेल सोडत असलेला असू शकतो. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळत आहे. झिजलेल्या पिस्टन रिंग किंवा टर्बोचे सील हे त्याचे नेहमीचे कारण. सकाळच्या गारव्यात निघून लगेच विरणारी पांढरी वाफ स्वाभाविक आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल, तर डिझेल न जळता बाहेर पडत आहे किंवा हेड गॅस्केट फुटून कूलंट सिलिंडरमध्ये शिरत आहे, असे समजावे.

इंजिन चालू असताना ऑइल भरण्याचे झाकण सैल करून तसेच वर ठेवावे. ते किंचित थरथरले तर चिंता नाही. आतील वाफेच्या दाबाने ते उडू लागले किंवा तोंडातून धुराचे झोत येऊ लागले, तर सिलिंडरमधील दाब खाली गळत आहे आणि इंजिनचे मोठे काम जवळ आले आहे, असे मानावे.

डिझेल इंजिनातील ऑइल काही दिवसांतच काळे होते. काळे ऑइल पाहून घाबरू नये आणि चकचकीत नवे ऑइल पाहून हुरळूनही जाऊ नये. ते विक्रीपूर्वी बदललेले असू शकते. ऑइल दुधाळ दिसणे मात्र त्यात पाणी मिसळल्याचे लक्षण आहे. दांडीवरील पातळी कमाल खुणेच्या वर गेलेली असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर इंजेक्टरमधून डिझेल ऑइलमध्ये उतरत असण्याचा संभव असतो. कूलंटच्या टाकीत तेलाचा तवंग किंवा गंजाचा गाळ नसावा. रेडिएटरचे झाकण इंजिन गरम असताना कधीही उघडू नये.

महागडे चार भाग

पहिली इंडिका किंवा सुरुवातीच्या बोलेरोसारख्या गाड्यांत साधा यांत्रिक पंप असे आणि त्याची दुरुस्ती तुलनेने स्वस्तात होई. त्यानंतरच्या बहुतेक गाड्यांत कॉमन रेल पद्धत आली. तीत डिझेल हजार बारहून अधिक दाबाखाली इंजेक्टरपर्यंत पोहोचते. धावण्याची कुवत आणि मायलेज दोन्ही वाढले. मात्र पाणी किंवा कचरा मिसळलेल्या डिझेलचा या नाजूक यंत्रणेला मोठा धोका असतो. डिझेल फिल्टर वेळेवर बदलल्याची नोंद सर्व्हिस पुस्तकात शोधावी. गॅरेजमध्ये संगणक जोडून प्रत्येक इंजेक्टर किती डिझेल कमी-अधिक करून घेत आहे, हे पाहता येते. या तपासणीवरील थोडा खर्च टाळू नये.

टर्बो हा दुसरा भाग. वेग घेताना येणारी बारीक शिटी नेहमीची असते. सायरनसारखा वाढत जाणारा आवाज, गाडीत जोर नसणे आणि टर्बोपासून इंटरकूलरकडे जाणारा पाइप ऑइलने थबथबलेला असणे, ही बिघाडाची लक्षणे आहेत. पाइपच्या आत ऑइलचा पातळ थर असणे स्वाभाविक आहे.

तिसरा भाग क्लचचा. डिझेल इंजिनाचा कमी वेगातील जोर क्लचला लवकर झिजवतो. गाडी चौथ्या गिअरमध्ये कमी वेगाने चालवत असताना एकदम ॲक्सिलरेटर दाबावा. इंजिनाचे फेरे वाढले आणि वेग वाढला नाही, तर क्लच घसरत आहे. काही मॉडेलांत ड्युअल मास फ्लायव्हील असते. इंजिन बंद करताना खडखडाट होत असल्यास तोही बदलावा लागू शकतो आणि क्लचच्या खर्चात मोठी भर पडते.

चौथा भाग टायमिंगचा. इनोव्हाचे २.५ लिटरचे, पोलोचे आणि डस्टरचे डिझेल इंजिन पट्ट्यावर, म्हणजे टायमिंग बेल्टवर चालते. ठरलेल्या किलोमीटरनंतर तो बदलावाच लागतो. चालत्या गाडीत पट्टा तुटल्यास पिस्टन व व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळून इंजिनाची हानी होते. पट्टा बदलल्याचे बिल नसेल, तर तो बदललेला नाही असे गृहीत धरून खर्च किमतीतून वजा करावा. मल्टिजेट इंजिनात पट्ट्याऐवजी साखळी असते. तिला ठरावीक मुदत नसली, तरी जास्त धावलेल्या गाडीत ती सैल पडते. थंड इंजिन सुरू होताना पुढच्या बाजूने येणारा खळखळाट दुर्लक्षू नये.

पुराचे पाणी आणि खारी हवा

जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत वसई, नालासोपारा आणि विरारचे सखल भाग पाण्याखाली गेले व विरारकडील लोकल सेवा ठप्प झाली. पावसाळ्यात पाणी साचण्याचा अनुभव येथे नवा नाही. पाण्यात उभ्या राहिलेल्या मोटारीची वायरिंग काही महिन्यांनी दगा देते. पाण्यात असताना इंजिन सुरू केलेले असल्यास सिलिंडरमध्ये शिरलेल्या पाण्याने कनेक्टिंग रॉड वाकतो. अशा गाड्या धुऊन-पुसून बाजारात येतात.

त्या ओळखण्यासाठी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. शेवटच्या हातभर पट्ट्यावर चिखलाची रेघ किंवा डाग राहून जातात. पायाखालचे कारपेट उचलून त्याखाली ओल वा गाळ आहे का, सीटच्या रुळांना व बोल्टना गंज चढला आहे का, स्टेपनीच्या खळग्यात मातीचा थर आहे का, दिव्यांच्या काचांत आतून पाणी सुटले आहे का, हे पाहावे. काचा बंद करून पाच मिनिटे आत बसल्यास कुबट वास लपत नाही. सुगंधी द्रव्याचा उग्र दरवळ असेल तर शंका अधिकच घ्यावी.

विम्याचा कागदही येथे बोलका ठरतो. वर्षभर दावा न केल्यास पुढील विम्यात २० टक्के, आणि सलग पाच वर्षे दावा न केल्यास ५० टक्क्यांपर्यंत नो-क्लेम बोनस मिळतो. सर्वसमावेशक विमा असलेल्या जुन्या गाडीच्या पॉलिसीवर हा बोनस शून्य असेल, तर आदल्या वर्षी दावा कशासाठी केला होता, हे विचारून त्याचे बिल मागावे.

अर्नाळ्याचा किनारा जवळ असल्याने खाऱ्या वाऱ्याने पत्रा लवकर गंजतो. गाडी लिफ्टवर चढवून खालून पाहावी. दरवाजांखालचे पाट, सस्पेन्शन जोडलेल्या जागा आणि ब्रेकच्या नळ्या यांवर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहिल्यास कुजलेला पत्रा बद्द आवाज करतो. खालच्या बाजूस नुकताच फासलेला काळा लेप गंज झाकण्यासाठीही असू शकतो.

मीटर आणि रस्त्यावरची परीक्षा

डिझेल मोटार जास्त धावण्यासाठीच घेतली जाते. दहा वर्षांच्या गाडीच्या मीटरवर ४० हजार किलोमीटर दिसत असतील, तर मीटर मागे फिरवले असण्याची शंका घ्यावी. सर्व्हिसची बिले आणि विम्याच्या वेळच्या नोंदी यांतील किलोमीटरचे आकडे क्रमाने वाढत गेले आहेत का, ते जुळवून पाहावे. गुळगुळीत झालेले स्टिअरिंग, झिजलेले पेडल व खचलेली चालकाची सीट हे मीटरपेक्षा खरे बोलतात. टायरवरील चार आकड्यांत निर्मितीचा आठवडा व वर्ष असते. ३५१९ म्हणजे २०१९ चा ३५ वा आठवडा. सर्व काचांवरील वर्ष सारखे नसेल, तर अपघाताबद्दल विचारावे. पूर्वी टुरिस्ट परवान्यावर धावलेली आणि नंतर खासगी केलेली गाडी तर नाही ना, याचीही खात्री करावी.

फेरफटका किमान अर्ध्या तासाचा असावा. बोळिंजमधील खड्ड्यांच्या रस्त्यावर सस्पेन्शनचे खटके ऐकू येतात, विरारचा पूर्व-पश्चिम उड्डाणपूल चढताना क्लच व टर्बोची कस लागते आणि विरार फाट्यापुढे अहमदाबाद महामार्गावर ८० च्या वेगात स्टिअरिंगची थरथर कळते. या वेळी रेडिओ बंद आणि एसी सुरू ठेवावा. तापमानाचा काटा मध्यावर स्थिर राहिला पाहिजे. परतल्यावर इंजिन पाच मिनिटे चालू ठेवून खाली ठिपके पडतात का ते पाहावे.

एवढे झाल्यावर गाडी आपल्या ओळखीच्या, त्या मॉडेलचे काम करणाऱ्या मेकॅनिकला दाखवावी. विक्रेत्याने सुचवलेल्या मेकॅनिकवर विसंबू नये. तपासणीला विक्रेता नकार देत असेल, तर तो नकार हेच उत्तर समजावे.

व्यवहार पूर्ण कसा करावा

नमुना २९ व ३० भरून दोघांनी सह्या कराव्यात. विक्रेत्याने १४ दिवसांत, तर खरेदीदाराने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला हस्तांतरण कळवणे कायद्याने अपेक्षित आहे. दलालाकडे कोऱ्या सह्यांचे अर्ज ठेवून गाडी ताब्यात घेण्याची प्रथा दोघांनाही धोक्याची आहे. नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या प्रकरणात स्पष्ट केले आहे. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा, अन्यथा स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो. नो-क्लेम बोनस विक्रेत्याकडेच राहतो, त्यामुळे हप्त्यात फरक भरावा लागतो. रक्कम शक्यतो बँकेमार्फत द्यावी आणि ताबा घेतल्याची तारीख व वेळ लिहिलेली पावती दोघांनी जपून ठेवावी.

विसार देण्यापूर्वी

- इंजिन पूर्ण थंड असताना सुरू करून पाहिले का?
- चॅसी व इंजिन क्रमांक प्रमाणपत्राशी जुळले का?
- नोंदणीची १५ वर्षे कधी संपतात?
- बोजा, ई-चलन व विमा तपासला का?
- इंजेक्टरची संगणकावर तपासणी झाली का?
- टायमिंग बेल्ट बदलल्याचे बिल आहे का?
- कारपेटखाली आणि लिफ्टवर खालून पाहिले का?
- ठरलेल्या किमतीखेरीज पहिल्या वर्षीच्या दुरुस्तीसाठी वेगळी रक्कम शिल्लक आहे का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल, तर गाडी कितीही चांगली वाटली तरी त्याहून कमी किमतीची गाडी पाहावी. जुन्या डिझेल मोटारीला पहिल्या वर्षी ऑइल, फिल्टर, पट्टे, टायर आणि बॅटरी यांपैकी काही ना काही लागतेच. त्यासाठी राखून ठेवलेली रक्कम हाताशी असेल, तर गणपतीच्या आदल्या रात्री गाडी गॅरेजमध्ये अडकून पडण्याची वेळ सहसा येत नाही.